ट्रू केलं होतं, तरी नोंद उडाली

सकाळी तक्रार आली ती थेट माझ्याकडे. 'काढून टाका' बटण दाबताच काहीही न विचारता नोंद उडाली होती. ते बटण माझं. डेल्फी या प्रोग्रॅमिंगच्या साधनात लिहिलेला माझा कॉम्पोनंट, म्हणजे प्रोग्रॅमचा तयार सुटा भाग: पॅलेटवरून उचलायचा, फॉर्मवर (प्रोग्रॅमच्या खिडकीच्या आराखड्यावर) ठेवायचा, ऑब्जेक्ट इन्स्पेक्टर या गुणधर्मांच्या यादीत 'कन्फर्म डिलीट' ट्रू (हो) करायचं, की पुसण्याआधी तो विचारणार. सगळ्यांनी तोच वापरावा हा आग्रहही माझाच होता.

फॉर्म उघडला तर तिथे फॉल्स (नाही). "मी ट्रू केलं होतं," सहकारी म्हणाली. मला वाटलं, विसरली असेल. तिने माझ्यासमोर पुन्हा ट्रू केलं, सेव्ह केलं, प्रोग्रॅम चालवला. चाचणीची नोंद विचारपूस न होता गेली आणि इन्स्पेक्टरमध्ये ट्रू तसंच दिसत होतं! तिच्यावर शंका घेतल्याची लाज वाटली.

ऑल्ट-एफ१२ दाबून फॉर्म मजकुराच्या रूपात पाहिला. बटणाची जागा, रुंदी, कॅप्शन, सगळं होतं. फक्त त्या प्रॉपर्टीची, म्हणजे 'कन्फर्म डिलीट'ची, ओळ नव्हती. तेव्हा उलगडलं. प्रॉपर्टीच्या घोषणेत मी 'डिफॉल्ट ट्रू' लिहिलं होतं आणि त्यानेच किंमत ट्रू होते असं धरून चाललो होतो. तसं होत नाही. तो शब्द फक्त एवढंच सांगतो, की किंमत ट्रू असेल तर फाइलमध्ये लिहू नका, ती कन्स्ट्रक्टर (ऑब्जेक्ट तयार होताना चालणारा कोड) देईल. माझा कन्स्ट्रक्टर काहीच देत नव्हता, आणि डेल्फी नव्या ऑब्जेक्टची फील्ड्स शून्याने भरतं. बूलियनसाठी, म्हणजे ट्रू किंवा फॉल्स एवढंच धरणाऱ्या फील्डसाठी, शून्य म्हणजे फॉल्स. म्हणून ट्रू कधी फाइलमध्ये उतरलंच नाही.

कन्स्ट्रक्टरमध्ये एक ओळ घातली, कॉम्पोनंटचं पॅकेज पुन्हा बिल्ड करून आयडीईत (डेल्फीच्या संपादकात) बसवलं, प्रोग्रॅम कंपाइल केला. ज्या फॉर्ममध्ये ओळ नव्हती ते आपोआप सुधारले. पण असा फॉर्म मधे कुणी उघडून पुन्हा सेव्ह केला असेल, तर फॉल्स डिफॉल्टपेक्षा वेगळं म्हणून ते स्पष्ट लिहिलं गेलं होतं. मुद्दाम ठेवलेलं फॉल्स कोणतं आणि माझ्या चुकीने आलेलं कोणतं, हे फाइल पाहून कळणं शक्यच नव्हतं.

सगळ्या डीएफएम, म्हणजे फॉर्मच्या, फाइल्समध्ये ती ओळ शोधली आणि ज्याचा फॉर्म त्याला जाऊन विचारत बसलो. संध्याकाळपर्यंत एकानेही फॉल्स मुद्दाम ठेवल्याचं सांगितलं नाही.