खर्ज लागत नव्हता

मी बॉस्टनमध्ये वाद्यदुरुस्ती करतो, फुंकून वाजवायची सगळी, क्लॅरिनेट, बासरी, सॅक्सोफोन. मूळचा सांगलीकडचा, हात बसला तो लग्नाच्या बँडवाल्यांच्या क्लॅरिनेटवर. गेल्या हिवाळ्यातला एक शनिवार मात्र डोक्यातून जात नाहीये म्हणून लिहितोय.

दुकान उघडतोय तोवर एक आजोबा दारात उभे, सत्तरी ओलांडलेले, सोबत बॅरिटोन सॅक्सची भलीमोठी केस. बॅरिटोन म्हणजे पाच-सहा किलोचं धूड, बँडमध्ये आपण बघतो त्या आल्टोच्या बरोबर एक सप्तक खाली बोलणारं. यांचं जुनं, कॉन कंपनीचं होतं. संध्याकाळी सातला कार्यक्रम आणि तळाचे दोन सूर लागतच नव्हते, नुसते गुरगुरत होते.

दुकानातले दिवे मालवून नळीत दिव्याची माळ सोडली. पॅड, म्हणजे कळेखालची भोक झाकणारी गादी, नीट बसत नसेल तर कडेनं उजेड झिरपतो, पण इथे कुठेच काही नाही. तरी मी सगळ्यात खालचं पॅड बदललं, कारण सूर खालचा म्हणजे दोष खाली असं मनाशी धरून बसलो होतो. दीड तास गेला आणि गुरगुर तशीच. फार वाईट वाटलं, कारण आजोबा एका शब्दानं बोलले नाहीत, फक्त घड्याळाकडे बघितलं.

मग त्यांनीच विचारलं, हॅरी कार्नी ऐकलायस का? बॅरिटोन वाजवायचा, याच गावचा. नाव माहीत होतं, तेवढंच. आजोबांनी त्याला शाळेत असताना प्रत्यक्ष ऐकलेलं, आणि बोलायला लागले ते थांबेचनात. कार्नीचा जन्म १९१० चा, १९२७ मध्ये सतराव्या वर्षी ड्यूक एलिंग्टनच्या जॅझ बँडमध्ये गेला तो एलिंग्टन १९७४ च्या मे महिन्यात वारला तोपर्यंत तिथेच, म्हणजे जवळजवळ सत्तेचाळीस वर्षं एकाच माणसाबरोबर. बाकीचे बसने जायचे, एलिंग्टन मात्र कार्नीच्या गाडीत, गाडी चालवायला कार्नीच. एलिंग्टन गेला आणि त्याच ऑक्टोबरात कार्नीही गेला. हे सांगताना आजोबा थोडे थांबले.

त्याच्या आधी बॅरिटोनकडे बहुतेक तळ धरायचं काम असे, त्याला एकट्यानं गायला लावलं ते कार्नीनं. वरचे सूर कोलमन हॉकिन्सच्या टेनर सॅक्सोफोनसारखे आणि खालचे एड्रियन रोलिनीच्या बास सॅक्सोफोनसारखे भरदार यावेत हा त्याचा ध्यास. मी फोनवर एलिंग्टनचं ‘सोफिस्टिकेटेड लेडी’ लावलं, शेवटी कार्नी एक सूर धरतो आणि सोडतच नाही, नाकानं श्वास घेत गालातली हवा पुढे ढकलत राहायचं, आपल्याकडे सनईच्या जोडीला नुसता सूर धरून बसणारा करतो तेच. मी एकदम सांगलीत गेलो! हाच बँड १९६३ मध्ये भारतात येऊन गेला, आणि त्या दौऱ्यानंतर जी रचनांची मालिका झाली त्यातल्या ‘आग्रा’ मध्ये मुख्य आवाज कार्नीचाच आहे, हे मला त्या दिवशी कळलं.

आजोबांनी वाद्य गळ्यात घेऊन तो सूर करून दाखवायचा प्रयत्न केला आणि मी पहिल्यांदाच त्यांच्या बोटांऐवजी वरच्या कळांकडे बघत होतो. डाव्या करंगळीनं तळाची कळ दाबली की वर मधोमध असलेलं जी शार्पचं पॅड केसभर उचललं जात होतं. तळाच्या कळांशी ते जोडलेलं असतं, उजव्या हाताच्या कळांनी त्याला दाबून धरायचं असतं, पण मधला कॉर्कचा तुकडा इतक्या वर्षांत चेपला होता. माळ सोडली तेव्हा मी करंगळीची कळ दाबलीच नव्हती, मग उजेड दिसणार कुठून.

जुना कॉर्क खरवडून नवा लावला, पॉलिश पेपरने थोडा थोडा घासत सिगारेटच्या कागदाची पट्टी पॅडखाली अडकते का ते बघत. वीस मिनिटं.

मग आजोबांनी खर्ज लावला. टेबलावरच्या डबीतले स्क्रू खुळखुळायला लागले. गाल फुगत होते, बसत होते, डोळे मिटलेले, सूर हलत नव्हता, आणि मी हातातला कॉर्क तसाच धरून उभा.

निघताना मी फक्त कॉर्कचे पैसे घेतले. ते पॅडचेही देत होते. म्हटलं नाही, ते पॅड चांगलं होतं, बदललं ते मी.