सात बटणांचा शर्ट

पक्षाघात झालेल्या माणसासाठी शर्ट शिवायचा म्हटलं की पहिला सल्ला ठरलेला: बटणं काढा, वेल्क्रो लावा. दुसरा सल्ला चुंबकाच्या बटणांचा. दोन्ही चुकीचे नाहीत, पण अर्धे आहेत. मी पॅटर्न कापते, आणि गेली काही वर्षं एका ऑक्युपेशनल थेरपिस्ट बाईंबरोबर (रोजची कामं पुन्हा स्वतः करायला शिकवतात त्या) अशा कपड्यांवर काम करते आहे. माझं मत असं झालंय की हात परत यायची आशा आहे तोवर कपड्यानं माणसाला थोडा त्रास द्यायलाच हवा. किती, कुठे आणि कधीपर्यंत, एवढं ठरवणं हेच माझं काम.

बार्थेल निर्देशांक नावाचं एक मोजमाप आहे, 1965 साली प्रसिद्ध झालेलं आणि आजही वापरात असलेलं. बटणं, चेन, बुटाची लेस यांसकट सगळे कपडे स्वतः घातले तर 10 गुण, मदत घेऊन निम्मं काम स्वतः केलं तर 5, नाहीतर शून्य. सोपा कपडा दिला की हे गुण वाढू शकतात. हात मात्र होता तिथेच. सकाळी घाई असलेल्या घराला तेवढंही पुष्कळ असतं, हे मी नाकारत नाही. पण एडवर्ड टाउब या मानसशास्त्रज्ञानं दाखवलेली गोष्ट इथे विसरून चालत नाही: दुबळा हात वापरून पदरी अपयश येत राहिलं की मेंदू तो हात वापरणंच सोडून देतो, आणि पुढे थोडी ताकद परत आली तरी सवय परत येत नाही. त्यावर त्यानं काढलेला उपाय म्हणजे चक्क एक वस्त्र. चांगल्या हातावर जाड, बिनबोटी मोजा चढवायचा आणि जागेपणीचा बहुतेक सगळा वेळ दुबळ्या हातालाच कामाला लावायचं. 2006 साली या पद्धतीची मोठी चाचणी प्रसिद्ध झाली, 222 रुग्णांवर केलेली. पक्षाघातानंतर 3 ते 9 महिन्यांत दोन आठवडे हा उपचार घेतलेल्यांचा हात इतरांपेक्षा जास्त सुधारला. अर्थात मनगट आणि बोटं थोडीतरी वर उचलता येत असतील, त्यांच्यासाठीच हे. पण मला त्यातलं आवडतं ते हे की उपचार करणारा कपडा इथे मुद्दाम अडवणारा आहे.

मग शर्टाचं काय? साध्या शर्टाला समोर साधारण सात बटणं असतात आणि सातही सारखी अवघड नसतात. पोटाजवळची दोन दिसतात, हात मांडीशी टेकवून लावता येतात. कॉलरचं दिसत नाही आणि त्यासाठी खांदा उचलावा लागतो. म्हणून बटणं खालून वर लावत जायची. त्यानं काजं चुकण्याची भानगडही टळते. आम्ही खालची दोन खरी ठेवतो. लाइन हे बटणाच्या व्यासाचं माप. नेहमीच्या 18 लाइनच्या, म्हणजे साधारण साडेअकरा मिलिमीटरच्या बटणाऐवजी 28 लाइनचं, जरा जाड कडेचं, खाली दोऱ्याचा उंच देठ ठेवून शिवलेलं. वरच्या पाचांना काजावरच बटण शिवून टाकायचं आणि पट्टीच्या आत वेल्क्रोचे तुकडे. बाहेरून कुणाला फरक कळत नाही. दोन जमली की तिसऱ्याचा वेल्क्रो उसवायचा, काज मोकळं करायचं. पुढे 28 ची 24 लाइन. शर्ट तोच राहतो, अवघड होत जातो.

कफांची गंमत वेगळीच. लोकांना वाटतं दुबळ्या हाताचा कफ अवघड. उलट आहे! दुबळ्या हाताचा कफ चांगला हात लावतो. चांगल्या हाताचा कफ लावायला उरतो फक्त दुबळा हात. त्या बटणाला मी साध्या दोऱ्याऐवजी इलॅस्टिकचा दोरा घालते, म्हणजे बटण लावलेलंच राहतं आणि पंजा तसाच आत जातो. ही युक्ती थेरपिस्ट लोकांत जुनीच आहे, माझी नाही.

बटणांवर सगळे बोलतात, बाहीवर कुणी बोलत नाही. नियम असा की दुबळा हात आधी घालायचा आणि शेवटी काढायचा. त्या हाताचा खांदा सैल पडून सांध्यातून खाली उतरलेला असू शकतो, म्हणून हात धरून ओढायचा नाही, बाही हातावर चढवायची. म्हणजे मुंढा, बाही जोडतात तो घेर, खोल हवा, काखेत कळी, म्हणजे जादा कापडाचा तुकडा, हवी, आणि बाहीचं तोंड आवळलेल्या मुठीच्या घेराचं हवं. मनगटाचं माप इथे निरुपयोगी. टेप मुठीवरून, अंगठ्यासकट फिरवायचा. बाहीला आतून गुळगुळीत अस्तर लावलं की हात सरकतो. पण अस्तर बाहीपुरतंच. पाठीला लावलंत तर माणूस खुर्चीत घसरेल. ज्या बाजूला स्पर्श कळत नाही तिथे जाड शिवण, टोचणारं लेबल, मागचा खिसा काही नको, कारण रुतलेलं त्याला कळणारच नाही.

माझ्या आत्याला मेंदूच्या उजव्या बाजूला झटका आला. अशा वेळी डावी बाजू दुबळी होतेच, पण कधीकधी डावीकडचं जगच लक्षातून जातं. डोळे ठीक असतात. मेंदू त्या बाजूची दखल घेत नाही. आत्या उजवी बाही घालून, डावी पाठीमागे लोंबत असताना, "झालं माझं" म्हणायची आणि खरंच झालंय असं तिला वाटायचं. वाचताना अशा रुग्णांना पानाच्या डाव्या कडेला लाल रेघ मारून देतात आणि रेघ सापडेपर्यंत मान वळवायला सांगतात. तीच कल्पना मी बाहीत उतरवली. डाव्या बाहीच्या तोंडाला आतून भडक केशरी पट्टी, तीही जाड विणीची, हाताला लागेल अशी. थेरपिस्ट विचारायच्या, "केशरी कुठे गेलं?" आत्या शोधायची. कधी सापडायचं, कधी चिडायची.

तिची एकच अट होती: "अगं, आजाऱ्याचा शर्ट नको मला. कॉलर हवी, आणि ती कडक हवी." हा नखरा नाही. हेलन कुकमन या डिझायनरनं 1950 च्या दशकात न्यूयॉर्कमध्ये हॉवर्ड रस्क यांच्या पुनर्वसन संस्थेबरोबर अपंगांसाठी कपडे केले, तेव्हाही ते बाजारातल्या इतर कपड्यांसारखे दिसावेत यावर तिचा भर होता. कापड निवडताना मात्र एका बाबतीत मी आत्याचं ऐकलं नाही. तिला बारीक फुलांचं हवं होतं. फुलाफुलांच्या कापडावर बटण हरवतं, काज तर दिसतच नाही. उभ्या रेघांचं घेतलं. दोन्ही पाखे नीट जुळले की नाही ते रेघाच सांगतात.

चुंबकांबद्दल एवढंच: हृदयाचे अनियमित ठोके हे पक्षाघाताचं एक मोठं कारण, त्यामुळे यातल्या काहींच्या छातीत पेसमेकर असतो. चुंबक त्यापासून साधारण 15 सेंटिमीटर लांब ठेवायला सांगतात, आणि शर्टाची बटणपट्टी नेमकी छातीवरून जाते. डॉक्टरांना विचारल्याशिवाय लावू नका. सेन्सर विणलेल्या हुशार कापडांचं कौतुक मलाही आहे. चालताना घोटा उचलायला मदत करणाऱ्या, मोटरनं ओढल्या जाणाऱ्या कापडी सूटला अमेरिकेत 2019 मध्ये परवानगीही मिळाली. पण रोजच्या धुण्यात चांदीचा मुलामा दिलेला धागा किती टिकतो हा प्रश्न मी प्रत्येक वेळी विचारते, आणि उत्तर देणाऱ्याचा चेहरा बघते.

सध्या अडले आहे ब्रापाशी. बायका याबद्दल थेरपिस्टशी बोलायला लाजतात, आणि बऱ्याच जणी घालणंच सोडून देतात. पुढून हुक असला की प्रश्न सुटला असं समजतात, पण हुक लावायला दोन टोकं एकमेकांकडे ओढावी लागतात, आणि ओढणारा हात एकच. म्हणून टोकं कधी सुटीच होणार नाहीत असं काहीतरी करून बघते आहे: पट्टी कडीतून कायम ओवलेली, टोकाला अंगठा अडकेल असा फासा, सैल करून खालून, पायांतून चढवायची आणि मग ओढून आवळायची. ताण बरोबर बसतो, पण कडी बरगडीवर येते. पुढच्या नमुन्यात ती दोन इंच बाजूला घेऊन, खाली मऊ फ्लॅनेलचा तुकडा लावून बघणार आहे. कुणी हे एका हातानं रोज करत असेल तर कसं करता ते मला जरूर कळवा.