जुनी भिंत, नवं स्वयंपाकघर : आमची वाटचाल

जुन्या इमारतीतला फ्लॅट नवा करायचा म्हटलं की आजही लोक पहिल्यांदा विचारतात, "सगळं तोडणार ना?" आम्ही तोडत नाही. फर्म सुरू झाली ती याच हट्टावर. भांडवल माझं आणि हात मिस्त्रींचे. चुना महिनोन्महिने पाण्यात मुरल्याशिवाय ते कुणाला करणी उचलू देत नसत. गिऱ्हाईक घाईला आलं की म्हणायचे, "मला नका सांगू, चुन्याला सांगा."

त्यांच्या पेटीतली पातळ पोलादी पट्टी मी अजून वापरतो. कानशीने कड सरळ करायची, दगडावर फिरवायची, मग गुळगुळीत पोलादी दांड्याने दाबून कडेला नखाएवढी धार वळवायची. ती जमली की दारावरचं काळं पडलेलं पॉलिश उतरतं आणि नक्षीच्या कडा शाबूत राहतात. सँडर, म्हणजे घासायचं मशीन, फिरवणारे त्या कडा गोल करून मोकळे होतात. आणि हो, रंगाचे थर फार जुने असतील तर त्यात शिसं असू शकतं. तपासल्याशिवाय घासू नका, कोरडं तर नाहीच.

सुरुवात बरी झाली. मग एक मोठं काम आलं. उंच छत, कडेने प्लास्टरची नक्षीदार पट्टी. स्वयंपाकघराची कपाटं आम्ही पट्टीच्या बरीच खाली थांबवली, भिंतीपासून दोन बोटं सुटी ठेवली. भिंतीला हवा मिळते, वायरिंग मागून जातं आणि उद्या कपाटं काढली तरी खोलीला ओरखडा नाही. नक्षी तुटली होती तिथे तीच रेघ पुढे नेली, पण साधी, फुलं न कोरता. जुन्या वास्तू जपण्याची तत्त्वं सांगणाऱ्या १९६४ च्या आंतरराष्ट्रीय व्हेनिस सनदेत हेच आहे : नवा तुकडा जुन्याशी जुळावा, पण वेगळा ओळखूही यावा. मालकांना पटलं होतं.

अर्धा गिलावा झाला आणि एक 'डिझायनर' चकचकीत थ्रीडी चित्रं घेऊन हजर. चुना वाळायला आठवडे लागतात, मी दहा दिवसांत देतो म्हणाले. आम्हाला काढलं, बिल अडकलं. त्यांनी आमच्या चुन्यावर सिमेंट थापलं, वर अ‍ॅक्रिलिक रंग. जुनी वीट ओल धरते, ती चुन्यातून हळूहळू बाहेर पडते. सिमेंटने ती वाट जवळजवळ बंद झाली. क्षार रंगाखाली साठले, त्यांचे खडे झाले आणि रंगाचे पापुद्रे सुटले. तेव्हा गृहस्थ काय म्हणाले? "चुनेवाल्यांनी आधीच बिघडवलं होतं."

हे वाक्य आमच्या धंद्यात सगळीकडे फिरलं. फोन बंद झाले. रंध्याचं मशीन विकलं, सुतारांना दुसरीकडे कामं बघा म्हणून सांगितलं. मिस्त्री पगार न घेता येत राहिले.

तगलो ते एका बाईंमुळे. त्यांच्या घरातल्या नक्षीच्या सिमेंट टाइल्स बाकी सगळे अ‍ॅसिडने धुणार होते. आम्ही नाही म्हटलं होतं. त्या टाइलचा रंग वरच्या काही मिलिमीटरच्या थरातच असतो आणि अ‍ॅसिड सिमेंटच खातं. साधा साबण, पाणी आणि कोपरापासून जोर, एवढं पुरतं. बाईंनी ते लक्षात ठेवलं. त्या वाईट काळात एकेक खोली काढून देत गेल्या, पैसे आगाऊ. वर आल्यागेल्याला भिंतीवर तळहात ठेवायला लावायच्या.

पुढची वर्षं सांगण्यासारखी नाहीत. कामं येत गेली, होत गेली.

आता तेच डिझायनर 'हेरिटेज स्पेशालिस्ट' झालेत. त्यांच्या माहितीपत्रकावर स्वयंपाकघराचा फोटो आहे, तो आम्ही केलेल्या त्याच कपाटांचा. त्यांच्याकडे जाणार असाल तर जरूर जा. फक्त भिंत आणि कपाटामधली दोन बोटं जागा कशासाठी सोडली, तेवढं विचारा.