६४० छायाचित्रे आणि एक लाल मांजर

गेल्या तीन हिवाळ्यांत भोर, वाई आणि अलिबाग या परिसरांत हिंडून मी वीरगळ (लढाईत पडलेल्या वीराच्या स्मरणार्थ कोरलेले दगड), सतीशिळा (सती गेलेल्या स्त्रीच्या स्मरणार्थ उभारलेले दगड) आणि शिलालेख यांची जी छायाचित्रे काढली, ती एकदा मोजली तेव्हा ६४० भरली. फोनने काढलेले प्रत्येक छायाचित्र ४००० बाय ३००० पिक्सेलचे आणि सरासरी पाच एमबीचे असल्याने सगळा पसारा सव्वातीन जीबीच्या घरात गेला होता. कोल्हापूरच्या एका वयोवृद्ध स्नेह्यांना हा संग्रह पाहायचा होता, परंतु त्यांच्या घरचे इंटरनेट यथातथाच. एकेक छायाचित्र उघडून लहान करायचे म्हटले, तर मिनिटाला एक या गतीनेही दहा तासांहून अधिक वेळ गेला असता.

हे काम मी इरफानव्ह्यू या विंडोजवरील प्रोग्रामने करतो. बोस्नियात जन्मलेल्या आणि व्हिएन्नात शिकलेल्या इरफान श्किल्यान यांनी तो १९९६ मध्ये प्रथम प्रसिद्ध केला आणि घरगुती वापरासाठी तो आजही विनामूल्य आहे. त्याचे चिन्ह म्हणजे रस्त्यावर चिरडल्यासारखे दिसणारे एक लाल मांजर. ते पाहून आमच्या घरी प्रत्येकाने एकदा तरी नाक मुरडलेले आहे.

प्रोग्राम उघडून कीबोर्डवरील ‘बी’ हे अक्षर दाबले की बॅच कन्व्हर्जनची, म्हणजे अनेक चित्रे एकदम बदलण्याची, खिडकी समोर येते. तेथे छायाचित्रे यादीत घ्यावयाची, ‘ॲडव्हान्स्ड’ या बटणाखाली नवा आकार ठरवावयाचा आणि काम सुरू करून चहा टाकावयास उठायचे, एवढाच वरवरचा विधी आहे. खरी गोम आकार ठरविण्यात आहे. सुरुवातीला मी रुंदी १६०० पिक्सेल अशी दिली आणि आडवी छायाचित्रे १६०० बाय १२०० अशी नीट आली. वीरगळ मात्र उभा दगड असतो. खाली लढाईत पडलेला वीर, मध्ये त्याला स्वर्गात नेणाऱ्या अप्सरा आणि वर शिवलिंगाची पूजा, असे एकावर एक टप्पे एका चौकटीत घ्यावयाचे म्हणजे फोन उभाच धरावा लागतो. त्या उभ्या छायाचित्रांची रुंदी १६०० झाली खरी, पण उंची २१३३ वर गेली आणि फाइली आडव्यांपेक्षा पावणेदोन पटींहून मोठ्या झाल्या. रुंदीऐवजी ‘लाँग साइड’, म्हणजे लांब बाजू, १६०० ठेवली की उभे-आडवे हा भेद उरत नाही. त्याच जागी लहान चित्रे मोठी न करण्याची खूणही करून ठेवावी, नाहीतर कोणी व्हॉट्सॲपवरून पाठविलेले मुळातच लहान असलेले चित्र ताणून धूसर होते.

आता माझ्या गाढवपणाविषयी. पहिल्या खेपेस मी लांब बाजू ८०० ठेवली होती आणि नव्या फाइली कोठे ठेवावयाच्या या प्रश्नाला चालू फोल्डरचेच उत्तर देणारे बटण दाबले होते. त्यातच ‘ओव्हरराइट एक्झिस्टिंग फाइल्स’ या चौकटीतही खूण होती. प्रोग्रामने सांगितले तेवढे निमूटपणे केले आणि एका फोल्डरमधील सर्व मूळ छायाचित्रांवर त्यांच्याच लहान प्रती लिहिल्या गेल्या. फोनमधील जागा मी आदल्याच आठवड्यात मोकळी केली होती. त्या फोल्डरात मराठीतील अतिप्राचीन लेखांत गणल्या जाणाऱ्या, अलिबागजवळील आक्षीच्या शिलालेखाची छायाचित्रे होती. मूळ चित्रात चाळीस पिक्सेल उंच असलेले झिजके अक्षर आता आठ पिक्सेलचे झाले. काना कोणता आणि दगडावरचा ओरखडा कोणता, हे कळेना. लहान केलेले चित्र पुन्हा ४००० पिक्सेलपर्यंत वाढविता येते, पण गेलेला तपशील परत येत नाही. पहिल्या वेळी मावळतीचे तिरपे ऊन होते आणि अक्षरे सावलीने उठून दिसत होती. दुसऱ्यांदा गेलो तो नेमका भर दुपारी पोहोचलो.

तेव्हापासून मी ‘लहान’ नावाचे वेगळे फोल्डर आधी तयार करतो आणि यादीत प्रथम पाचच चित्रे घेतो. जेपेग या प्रकारच्या फाइलीची गुणवत्ता शंभरपैकी ८५ ठेवतो; त्याहून फार खाली गेल्यास कोरीव रेषांच्या कडेला करड्या ठिपक्यांची झालर दिसू लागते. फोन पुष्कळदा चित्र आडवेच साठवून ‘हे उभे दाखवावे’ एवढी नोंद सोबत ठेवतो. आकार बदलताना ती नोंद गळाली आणि चित्र प्रत्यक्ष फिरविलेले नसले, तर सगळे वीर आडवे झोपलेले दिसतात. म्हणून एक्झिफ माहितीनुसार, म्हणजे फोनने चित्रासोबत ठेवलेल्या अशा नोंदींनुसार, चित्र आपोआप फिरविण्याची सोय चालू आहे ना, हे पाहतो. याच नोंदींत ठिकाणाचे अक्षांश-रेखांशही असतात. ते अभ्यासकाला हवेच असतात. मात्र कोणाच्या परसातील दगड असेल, तर ते चित्र सर्वत्र पाठविण्यापूर्वी मी ती माहिती काढून टाकतो.

अखेरीस ६४० छायाचित्रांचे ओझे पाव जीबीवर आले आणि ते कोल्हापूरला पोहोचले. दुसऱ्या दिवशी स्नेह्यांचा फोन आला, की छापणारा ‘३०० डीपीआय करून आणा’ म्हणतो आहे. डीपीआय, म्हणजे छापताना एका इंचात किती ठिपके बसवावयाचे, ही फाइलीतील केवळ एक नोंद आहे, ती बदलल्याने एकही पिक्सेल वाढत नाही, आणि १६०० पिक्सेल ३०० च्या हिशेबाने सुमारे साडेतेरा सेंटिमीटर लांब छापले जातात, हे मी त्यांना समजावून सांगितले. त्यांना पूर्ण पानभर हवी असलेली आठ चित्रे मी मूळ आकारात, एकेक करून, निराळी पाठविली. आक्षीचे मात्र भर दुपारचेच गेले.