परीटघडीची वासना

तुळशीबागेत डोहाळजेवणाचा धनुष्यबाण आणि कापडी फुलांच्या वाड्या शेजारीशेजारी टांगलेल्या दिसतात. घासाघीस चाललेली असते. 'डोहाळे' मुळात आले कुठून, हे तिथे कोण विचारणार! सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यातल्या गर्भिणीला 'दौहृदिनी' म्हटलंय, कारण तिच्यात दोन हृदयं. तिची इच्छा मारू नये, असंही बजावलंय. आपण मात्र सातव्यात जेवू घालतो. संस्कृतातल्या 'दोहदा'चं प्राकृतात 'दोहल' झालं, आणि मराठीनं त्याचं अनेकवचन करून टाकलं. एकच डोहाळा लागून थांबल्याचं ऐकिवात नाही.

रोज तोंडात असलेले शब्द झिजतात, पण नियमानं. 'बुभुक्षा' म्हणजे खाण्याची इच्छा. तिचा पहिला 'बु' गळाला, क्षचा क्ख झाला आणि 'भुक्खा' उरली. पुढे जोडाक्षर सुटताना मागचा उ लांबला : भूख. हिंदी तिथेच थांबली. मराठीनं शेवटचा हकारही टाकला, हिंदीतल्या 'हाथ'चा आपला 'हात' आहे तसा. 'तृष्णे'ची पालीत 'तण्हा' झाली. बुद्धानं दुःखाचं मूळ म्हणून बोट दाखवलं ते हिच्याकडेच. मराठीत ह आधी आला, न मागे गेला, आणि तीच तहान माठातल्या पाण्यावर भागू लागली.

फसगत होते ती 'कामा'पाशी. ऑफिसातलं काम 'कर्म-कम्म-काम' असं, 'सर्प-सप्प-साप' याच वाटेनं आलंय. पुरुषार्थांतला काम 'कम्' म्हणजे इच्छिणं या धातूचा, जसाच्या तसा संस्कृत. दिसायला जुळे, नातं शून्य. 'वासना'ही तशीच परीटघडीची. योगसूत्रांत तर ती नुसता मागे उरलेला संस्कार आहे. हे दोन शब्द झिजले नाहीत, कारण घरात ते मोठ्यानं उच्चारतो कोण? माझा तरी हाच संशय आहे.

'हौस' मात्र सुटली. तिला 'हर्षा'ची लेक ठरवायचा मोह होतो, पण ती अरबी 'हवस', फारसीच्या हाताला धरून आलेली. हिंदी सिनेमात ती खलनायकाच्या डोळ्यांत असते. आपल्याकडे पैठणीच्या दुकानात, आणि वर तिला मोल नाही.

राहिला लोभ. इंग्रजांचा 'लव्ह' त्याच्याच कुळातला. इथे षड्रिपूंतला तिसरा शत्रू, आणि पत्राखाली बिनदिक्कत : लोभ असावा, ही विनंती.