स्वस्त चहाचा राग

बॉस्टनमधील चार दिवस बहिणीकडे जेवण्यात आणि डिसेंबरच्या वाऱ्याने कुडकुडण्यात गेले. लिहिण्याजोगे एवढेच की, एका दुपारी मी बंदरावरील संग्रहालयाच्या जहाजावरून, अडीचशे वर्षांपूर्वी इथल्या लोकांनी इंग्रज सरकारवर चिडून फेकले होते तसे, चहाचे खोके समुद्रात फेकले. फेकले म्हणजे काय, खोके दोरीला बांधलेले असते. आपण आवेशाने ते कठड्यावरून लोटायचे, जमलेल्यांनी आरोळी ठोकायची आणि मग विहिरीतून घागर शेंदावी तसे ते पुढच्या पर्यटकासाठी वर ओढून घ्यायचे. मला हा पोरखेळ वाटला, तरी माझी पाळी मी सोडली नाही.

"मामा, चहा फार महाग झाला होता का रे?" भाचीने विचारले. मी शाळेतल्या इतिहासाच्या भरवशावर "हो" म्हणालो आणि तासाभरात तोंडघशी पडलो. १६ डिसेंबर १७७३ च्या रात्री तीन जहाजांवरून ज्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात ओतल्या गेल्या, त्यांतला चिनी चहा उलट स्वस्त होणार होता. लंडनच्या वखारींत माल तुंबलेल्या ईस्ट इंडिया कंपनीला वाचवण्यासाठी पार्लमेंटने इंग्लंडमधली जकात माफ केली. अमेरिकेतल्या वसाहतींवरचा, पौंडभर चहामागे तीन पेन्सांचा कर तेवढा ठेवला.

खरी मेख त्या तीन पेन्सांत होती. वसाहतींतली ही माणसे स्वतःला इंग्रजच समजत, आणि आपण निवडून दिलेल्या सभेखेरीज कोणी आपल्यावर कर बसवू नये, हा त्यांचा हट्टही अस्सल इंग्रजी होता. १७६३ ला संपलेल्या युद्धाच्या कर्जाने बेजार झालेल्या लंडनने १७६५ मध्ये वर्तमानपत्रांपासून पत्त्यांच्या जोडापर्यंत सगळ्यावर मुद्रांक लादला. ओरड झाल्यावर पुढच्या वर्षी तो मागे घेतला, पण तुमच्यावर हवा तो कायदा करण्याचा अधिकार आमचाच, असे त्याच वेळी कायद्याने बजावले. असा निरोप मिळाल्यावर स्वस्त चहाचा घोट घेणे म्हणजे त्या अधिकाराला मान डोलावणे होते. आमच्या घरीही वाटणीत दोन गुंठे कमी मिळाल्याचे काका विसरले, "तुला काय विचारायचे" हे वाक्य विसरले नाहीत.

आत काचेच्या पेटीत त्या रात्रीची म्हणून एक लहानशी लाकडी पेटी ठेवली आहे. तिच्यासमोर मी भाचीला कंटाळा येईपर्यंत उभा राहिलो, कारण मला १७७३ हे साल खटकत होते. त्याच वर्षी ३० ऑगस्टला शनिवारवाड्यात नारायणरावांचा खून झाला. पुढे ६ मार्च १७७५ रोजी राघोबादादांनी पेशवाईच्या आशेने सुरतेला याच कंपनीशी तह करून साष्टी आणि वसई देऊ केली. त्यानंतर सहाच आठवड्यांनी, या बंदरापासून काही मैलांवर, लेक्सिंग्टन गावच्या हिरवळीवर शेतकरी बंदुका घेऊन इंग्रज पलटणीसमोर उभे राहिले आणि अमेरिकेचे स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले.