अण्णांची बाही

पुण्यातल्या एका क्लबात मी एकोणीस वर्षं स्नूकरचा मार्कर आहे. सकाळी टेबलाच्या कापडावर ब्रश मारायचा, इस्त्री फिरवायची, बॉल पुसायचे, आणि स्पर्धा असली की पंच म्हणून उभं राहायचं. त्या रविवारी नवशिक्यांची स्पर्धा होती. एका बाजूला बँकेतून निवृत्त झालेले अण्णा, दुसऱ्या बाजूला नववीतली एक मुलगी. तिची आई गुणफलकाशेजारच्या खुर्चीत बसली होती. तिनं हा खेळ कधीच पाहिला नव्हता.

फ्रेम, म्हणजे एक डाव, सुरू होण्याआधी मी तिला थोडक्यात सांगितलं. लाल १५, प्रत्येकी एक गुण. रंगीत सहा : पिवळा २, हिरवा ३, तपकिरी ४, निळा ५, गुलाबी ६, काळा ७. आधी लाल टेबलाच्या खिशात घालवायचा, मग एक रंगीत, मग पुन्हा लाल. लाल गेला तो गेला. रंगीत मात्र पुन्हा आपल्या जागेवर येतो. लाल संपले की रंगीत चढत्या क्रमानं घालवायचे, तेव्हा ते परत येत नाहीत. क्यूनं, म्हणजे काठीनं, मारायचा तो फक्त पांढरा. स्नूकर लागणं म्हणजे काय, तेवढं तिला टेबलाजवळ नेऊन दाखवावं लागलं : जो मारायचा तो बॉल दुसऱ्याच्या आड गेलेला, सरळ रस्ताच नाही.

फ्रेम मध्यावर आली होती. अण्णांनी लाल घालवून काळा सांगितला आणि टेबलावर लांब वाकले. नेमकं तेव्हा आईनं काहीतरी विचारलं आणि मी मान वळवली. फ्रेम चालू असताना पंचानं असं करायचं नसतं.

"थांबा," अण्णा सरळ उभे राहिले. "फाउल आहे. माझ्या बाहीनं लाल हलला."

मी पाहिलं नव्हतं. मुलगी क्यूला चॉक लावत होती, तिनंही नाही. बॉल जेमतेम अर्धा बोट सरकला असेल. मी सात गुण मुलीच्या नावावर मांडले.

आई चकित झाली. नुसत्या बाहीचे सात? फाउलला कमीत कमी चार गुण जातात. पण जो बॉल मारायचा होता किंवा ज्याला धक्का लागला, त्यांपैकी जास्त किंमतीचा धरतात. अण्णा काळ्यावर होते, म्हणून सात. लालवर असते, तर चारच गेले असते. नवशिके इथे हमखास चुकतात आणि हिशेब तिथूनच बिघडतो.

शेवटी टेबलावर गुलाबी आणि काळा उरले. अण्णा ५१, मुलगी ३८. फरक १३, टेबलावरही १३. ते सात नसते, तर तिचे ३१ असते आणि दोन्ही बॉल घालवूनही ती मागेच राहिली असती. तिनं गुलाबी घालवला. मग कुशनला, म्हणजे टेबलाच्या काठाला, चिकटलेला काळा इतका हळू मारला की तो खिशाच्या ओठावर थांबतोय असं वाटलं, आणि आत पडला. ५१–५१.

लोक टाळ्या वाजवून उठायला लागले, बरोबरी झाली म्हणून. मी हात वर केला. स्नूकरची फ्रेम बरोबरीत सुटत नाही. काळा परत त्याच्या जागेवर ठेवतात, नाणेफेक होते, जिंकणारा आधी कोण खेळणार ते ठरवतो, आणि पांढरा 'डी'मधून, म्हणजे टेबलाच्या एका टोकाला आखलेल्या अर्धवर्तुळातून, मारायचा. मग काळा खिशात गेला किंवा पहिला फाउल झाला, की तिथे फ्रेम संपते. मुलीनं नाणेफेक जिंकली आणि अण्णांना आधी खेळायला सांगितलं. शहाणी पोर! त्या काळ्यावर पहिला फटका कुणालाच नको असतो.

अण्णांनी चार आणि तिनं तीन फटके जपून मारले. खोलीत फक्त पंख्याचा आवाज. मग तिनं कोपऱ्यासाठी बारीक कट घेतला. काळा खिशाच्या दोन्ही गालांवर आपटला आणि तोंडाशीच थांबला. अण्णांनी तो घातला. ५८–५१.

हात मिळवून ती माझ्याकडे आली.

"काका, तो लाल हलला तेव्हा तुम्ही पाहिलंत?"

"नाही गं. माझी मान तिकडे होती."

ती काही बोलली नाही. अण्णांकडे गेली, वाकून पाया पडली. ते मागे सरले, "अगं, हे काय," म्हणाले आणि तिला तो कट पुन्हा लावून दाखवायला लागले.

पाहुण्यांची खुर्ची मी दुसऱ्या दिवशी समोरच्या भिंतीला नेली. आणि कुणी लांब वाकलं की आता मी त्याच्या बाहीच्या बाजूला जाऊन उभा राहतो.